हमालाला मिळाले ते रायडरला का नाही?

राजस्थानच्या विधानसभेने जुलै २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा मंजूर केला. त्यासाठी झगडणाऱ्या मजदूर किसान शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मूळ कल्पना कुठून घेतली हे उघडपणे सांगितले होते. ती मुंबईच्या मशीद बंदरच्या बाजारपेठेतून, म्हणजे महाराष्ट्राने १९६९ मध्ये केलेल्या माथाडी कायद्यातून घेतलेली होती. कर्नाटकने २०२५ मध्ये त्याच वाटेने जाऊन अधिक सविस्तर कायदा केला. ज्या राज्याने ही वाट पाडली, त्या महाराष्ट्राने मात्र अॅपवर काम करणाऱ्यांसाठी असा स्वतंत्र कायदा अजून केलेला नाही. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर, नाशिक या शहरांचे रोजचे जेवण, औषधे, किराणा आणि प्रवास आज ज्यांच्या अंगमेहनतीवर चालतो, त्यांच्या हक्कांबाबत महाराष्ट्र मागे राहावा, ही खेदाची गोष्ट आहे. नवे तत्त्व शोधून काढायची गरज नाही. आपल्याच हमालांनी रस्त्यावर उतरून मिळवलेले तत्त्व नव्या कामगारांना लागू करायचे आहे. ते लागू होऊ शकते, आणि १९६९ पेक्षा आज ते कितीतरी सोपे आहे, असे माझे ठाम मत आहे.

माथाडी कायद्याआधीची स्थिती नीट समजून घेतली, तर आजच्या प्रश्नाची गाठ कुठे आहे ते दिसते. सातारा, सांगली, जुन्नर, आंबेगाव या भागांतून पोटासाठी मुंबईला आलेली माणसे दाणाबंदर, भातबाजार, मशीद बंदर इथे डोक्यावर आणि पाठीवर पोती वाहत. दिवसभरात एकाच माणसाने दहा-वीस व्यापाऱ्यांचा माल चढवलेला-उतरवलेला असे. मजुरी नगावर, म्हणजे पोत्यामागे ठरलेली. ती मुकादमाच्या हातून येई आणि येताना वाटेत गळत असे. ट्रक आला नाही तर काम नाही, आणि वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचे पैसे नाहीत. पाठ मोडली, पाय घसरला, तर गावाकडची वाट. स्वतंत्र भारतात तोवर कामगारांसाठी कायदे झाले नव्हते असे नाही. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा, राज्य विम्याचा कायदा १९४८ चा, भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा. पण या सगळ्या कायद्यांच्या दारात एकच प्रश्न विचारला जाई: तुझा मालक कोण? हमालाकडे त्याचे उत्तर नव्हते. व्यापारी म्हणे, हा माझ्या हजेरीपटावर नाही. वाहतूकदार म्हणे, माल व्यापाऱ्याचा, मजूरही त्याचाच. मुकादम म्हणे, मी तर यांच्यातलाच एक. सगळ्यांचे काम होत होते आणि जबाबदारी कुणावरच येत नव्हती.

अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली संघटित झालेल्या माथाडींनी जो कायदा मिळवला, त्याचे मोठेपण असे की त्याने मालक शोधण्याचा नाद सोडला. हमालाचा एकच मालक ठरवत बसण्याऐवजी कायद्याने म्हटले की जो जो त्याच्याकडून काम करून घेईल, त्याने नोंदणी करावी, मजुरी थेट मंडळात भरावी आणि मजुरीवर ठरलेल्या टक्क्याने लेव्हीही भरावी. मंडळावर कामगारांचे आणि मालकांचे प्रतिनिधी समान संख्येने, सोबत सरकारने नेमलेले सदस्य. मजुरी मंडळाकडून कामगाराला मिळणार आणि लेव्हीतून त्याचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, दवाखाना, अपघाताची भरपाई. लेव्हीचा दर मंडळागणिक वेगळा असतो, पण बऱ्याच ठिकाणी तो मजुरीच्या एक तृतीयांशाच्या आसपास आहे, आणि तो मजुरीतून कापला जात नाही, मजुरीच्या वर द्यावा लागतो. हमाल सकाळी एका दुकानात आणि दुपारी दुसऱ्या दुकानात राबला तरी त्याचे खाते एकच. व्यापाऱ्यांनी कायद्याला न्यायालयात आव्हान दिले, तरी तो टिकला. पुढे ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला गेले, तेव्हा कायदाही कामगारांबरोबर तिकडे गेला. नवी मुंबईत माथाडींच्या वसाहती उभ्या राहिल्या, कोपरखैरण्याला त्यांचे रुग्णालय झाले. पाठीवर पोते वाहणाऱ्याची मुले पदवीधर होणे ही गोष्ट दयेने किंवा दानाने घडली नाही. मजुरीच्या प्रत्येक रुपयामागे कायद्याने बांधलेल्या पैशांनी ती घडवली. याच धर्तीवर महाराष्ट्राने १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठीही मंडळाचा कायदा केला, म्हणजे हे तत्त्व बाजारपेठेबाहेरही चालते हे आपण स्वतःच दाखवून दिलेले आहे.

आता आजच्या रायडरकडे पाहू. नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ७७ लाख गिग कामगार होते, आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा त्या अहवालाचा अंदाज आहे. यांतला मोठा वर्ग जेवण-किराणा पोचवणारे आणि अॅपवर टॅक्सी-रिक्षा चालवणारे यांचा. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचे, मोबाइल आणि त्याचा डेटाही त्यांचाच. मजुरी फेरीमागे. ऑर्डर आली नाही तर हॉटेलच्या किंवा डार्क स्टोअरच्या, म्हणजे अॅपच्या गोदामाच्या, दारात उभे राहण्याचे पैसे नाहीत. सकाळी एका कंपनीचा टी-शर्ट, संध्याकाळी दुसरीचा. मालक कोण, असे विचारले की कंपनी म्हणते आम्ही फक्त ग्राहक आणि रायडर यांची गाठ घालून देतो, हॉटेल म्हणते तो आमचा नोकर नाही, आणि ग्राहकाला हा प्रश्न आपल्याशी संबंधित आहे असे वाटतच नाही. दाणाबंदरच्या हमालाची हकिगत पन्नास-साठ वर्षांनी जशीच्या तशी पुन्हा घडते आहे. फरक एवढाच की मुकादमाची जागा मोबाइलमधल्या गणिताने घेतली आहे. मुकादम निदान समोर तरी दिसत असे.

जगाने या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी न्यायालयात शोधले, आणि त्यातून काय निष्पन्न झाले ते पाहण्यासारखे आहे. लंडनच्या उबर चालकांच्या बाजूने कामगार न्यायाधिकरणाचा निकाल २०१६ मध्ये लागला. कंपनी वरच्या न्यायालयांत जात राहिली आणि ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने चालकांना कामगार म्हणून मान्यता दिली तेव्हा फेब्रुवारी २०२१ उजाडला होता. किमान वेतन आणि रजा मागायला एवढी वर्षे लागली. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून अशा चालकांना कर्मचारी मानण्याचा मार्ग खुला केला, तर कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक खर्च करून नोव्हेंबर २०२० मध्ये सार्वमत घडवून आणले आणि स्वतःला त्यातून सोडवून घेतले. आपल्याकडे गिग कामगारांच्या संघटनेने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. या लढाया व्यर्थ होत्या असे मी म्हणणार नाही. लंडनच्या निकालाने अनेक देशांतल्या कामगारांना बळ दिले. पण 'हा नोकर आहे की स्वतंत्र व्यावसायिक' या एका प्रश्नाभोवती सगळी लढाई फिरू लागली, की ज्याच्याकडे वकिलांसाठी पैसा आणि वाट पाहायला वेळ आहे त्याचेच पारडे जड होते. रायडरचा हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला कापला जातो, तो निकालासाठी थांबत नाही. माथाडी कायद्याने नेमका हाच प्रश्न बाजूला ठेवला आणि हक्क नोकरीला न जोडता कामाला जोडला. काम झाले की हक्क निर्माण झाला. नोकर म्हणा, व्यावसायिक म्हणा, आणखी काही म्हणा, त्याने लेव्हीत एक पैशाचा फरक पडत नाही.

यावर कुणी म्हणेल की आता केंद्राचा कायदा आहेच, मग राज्याच्या कायद्याची गरज काय? सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, ती अमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ ला. तिने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द प्रथमच कायद्यात आणले, ही मोलाची गोष्ट आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत द्यायची, पण ती कामगारांना दिलेल्या किंवा देय रकमेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, अशी त्यातली तरतूद आहे. ही पाच टक्क्यांची मर्यादा माथाडींच्या लेव्हीशेजारी ठेवून पाहा. एका बाजूला मजुरीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी सुरक्षा, दुसऱ्या बाजूला फार तर विसावा हिस्सा. पाच टक्क्यांत अपघात विमा होईल, थोडेफार औषधपाणी होईल, म्हातारपण मात्र निघणार नाही. दुसरी उणीव अधिक खोल आहे. हा पैसा केंद्राच्या निधीत जातो आणि त्यातून कोणती योजना कधी काढायची हे सरकार ठरवणार. रायडरच्या नावावर, त्याच्या प्रत्येक फेरीगणिक वाढत जाणारे, त्याला मोबाइलवर पाहता येईल असे खाते त्यातून आपोआप निर्माण होत नाही. असंघटितांसाठीच्या निधींचे आपल्या देशात काय होते ते बांधकाम कामगारांच्या उपकराने दाखवले आहे. तो कायदा १९९६ चा, राज्याराज्यांत हजारो कोटी रुपये जमा झाले आणि ते खर्चच होत नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाला वारंवार खडसवावे लागले. कर्नाटकच्या कायद्याने प्रत्येक फेरीच्या मोबदल्यावर एक ते पाच टक्के शुल्क लावले आहे. दर तोकडाच आहे, पण व्यवहारागणिक आकारणीचे तत्त्व बरोबर आहे, कारण त्यातून पैसा आणि काम यांचा संबंध तुटत नाही.

पैशांइतकाच, किंबहुना त्याहून तातडीचा प्रश्न वेळेचा आहे. हमालांच्या चळवळीची एक मोठी मागणी पोत्याच्या वजनाची होती. शंभर किलोंचे पोते पाठीवर घेतले की मणक्याची चकती सरकते, गुडघे झिजतात, आणि चाळिशीतच माणूस कामातून जातो. म्हणून पोते पन्नास किलोंचे करा, असा आग्रह पुण्याच्या हमाल पंचायतीने आणि तिचे संस्थापक बाबा आढाव यांनी वर्षानुवर्षे धरला. त्या काळी व्यापाऱ्यांचे उत्तर असे की मोठ्या पोत्यात माल लवकर हलतो, बारदान कमी लागते, खर्च वाचतो. वाचणारा तो खर्च हमालाच्या पाठीतून वसूल होत होता. काही मिनिटांत किराणा पोचवण्याचे आश्वासन हे आजचे शंभर किलोंचे पोते आहे. पोते निदान डोळ्यांना दिसे, त्याचे वजन काट्यावर मोजता येई. मोबाइलवर उलटे मोजले जाणारे सेकंद फक्त रायडरला दिसतात. खड्डा चुकवताना घसरलेली दुचाकी, उलट्या दिशेने मारलेला शॉर्टकट, लाल सिग्नलला न थांबणे, हे सगळे मग त्याच्या बेशिस्तीच्या खात्यावर टाकले जाते. कंपन्या सांगतात की दुकानेच जवळ आहेत, त्यामुळे घाई करावी लागत नाही, आणि उशिराबद्दल दंड नाही. दंड नसेल, पण फेऱ्यांची ठरावीक संख्या गाठली तरच इन्सेंटिव्ह मिळत असेल, तर घाईचे कारण मजुरीच्या रचनेतच बसलेले असते. २०२५ च्या अखेरच्या दिवशी देशभरातल्या गिग कामगारांनी संप केला, त्याच्या मागण्यांत दहा मिनिटांत माल पोचवण्याची शर्यत थांबवण्याची मागणी होती. वजनाची मर्यादा जशी ठरवता आली, तशी एका तासात किती फेऱ्या आणि एका दिवसात किती तास, याचीही मर्यादा ठरवता येते. ती ठरवायला कामगार आणि कंपन्या समोरासमोर बसतील असे मंडळ लागते. एकेकट्या रायडरने कंपनीच्या हेल्पलाइनला लिहून ती ठरत नाही.

मग नागरी हक्काचा भाग येतो. रायडरचा आयडी ब्लॉक होणे म्हणजे त्याची रोजी बंद होणे. तक्रार खरी की खोटी, ग्राहकाचा पत्ता चुकला होता की रायडरचा, हे विचारण्याआधीच अॅप बंद पडते, आणि पलीकडे उत्तर द्यायला माणूस नसतो. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या प्रकरणात, ओल्गा टेलिस खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये म्हटले की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि माणसाला हटवण्यापूर्वी नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. तो निकाल सरकार आणि महापालिकेविरुद्धचा होता, खासगी कंपनीला तो थेट लागू होत नाही, हे खरे आहे. पण ज्या तत्त्वासाठी मुंबईचेच नाव देशाच्या कायद्याच्या इतिहासात नोंदले गेले, ते तत्त्व खासगी व्यवहारात आणायला विधिमंडळाला कुणी अडवलेले नाही. कर्नाटकने ते केले. तिथे काम थांबवण्यापूर्वी कारण लेखी द्यावे लागते आणि चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि मजुरी व कामाचे वाटप ठरवणारी अॅपची पद्धत कामगाराला समजेल अशा भाषेत सांगावी लागते. मराठी मुलुखातल्या रायडरला हे मराठीत सांगण्याचे बंधन आपण घालू शकतो. आणि हक्काचा मुद्दा फक्त कंपनीपाशी थांबत नाही. अनेक सोसायट्या रायडरला रहिवाशांची लिफ्ट वापरू देत नाहीत, गाडी आत लावू देत नाहीत, पाणी आणि स्वच्छतागृहाची तर बातच नाही. एक गाव एक पाणवठा ही चळवळ ज्या राज्यात झाली, तिथल्या शहरी इमारतींत श्रमिकासाठी वेगळी लिफ्ट असावी, याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

या सगळ्याला घेतला जाणारा सर्वांत मोठा आक्षेप स्वातंत्र्याचा. रायडर हवे तेव्हा अॅप सुरू करतो, हवे तेव्हा बंद करतो, कुणी विद्यार्थी असतो, कुणी नोकरी सांभाळून दोन तास गाडी चालवतो, त्याला कशाला बांधता? आक्षेप पूर्णपणे पोकळ नाही. अनेकांना ही लवचीकता खरोखर हवी असते आणि कायद्याने ती काढून घेता कामा नये. पण लेव्हीची रचनाच अशी आहे की ती कुणाला बांधत नाही. दोन तास काम केलेल्याच्या खात्यात दोन तासांचे पैसे, बारा तास केलेल्याच्या खात्यात बारा तासांचे. हमालही कधी एका दुकानात बांधलेला नव्हता. आणि जो माणूस दिवसाला बारा तास रस्त्यावर असतो, ज्याचे घरभाडे, गाडीचा हप्ता आणि मुलांची फी त्यावरच चालते, त्याला स्वातंत्र्य आहे म्हणून सुरक्षा नको, असे म्हणणे त्याच्या गरजेचा फायदा घेणे आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये मिळवून दिली. सुट्टी घेतली तर इन्सेंटिव्ह बुडेल म्हणून आठवड्याचे सातही दिवस गाडी चालवणाऱ्याला ती अजून मिळायची आहे.

दुसरा आक्षेप महागाईचा. हिशेब मांडून पाहू. समजा एका ऑर्डरमागे रायडरला चाळीस रुपये मिळतात आणि त्यातले दहा पेट्रोल व गाडीच्या झिजेचे. उरलेले तीस रुपये ही त्याची खरी मजुरी. त्यावर माथाडींसारखी एक तृतीयांश लेव्ही लावली तर होतात दहा रुपये. चारशे रुपयांच्या ऑर्डरवर हे अडीच टक्के झाले. कंपनीने सगळा भार ग्राहकावर टाकला तरी एवढेच, आणि कंपनी, हॉटेल व ग्राहक यांच्यात तो वाटला गेला तर त्याहून कमी. दहा रुपयांनी मागणी कोसळेल आणि लाखोंचे काम जाईल, हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण हीच अॅप्स पावसाच्या दिवशी, गर्दीच्या वेळी किंवा हाताळणी शुल्क म्हणून याहून अधिक आकारतात आणि ग्राहक देतो. तरीही एकदम एक तृतीयांश नको, अशी भूमिका मी समजू शकतो. खऱ्या मजुरीच्या दहा टक्क्यांपासून सुरुवात करावी, पुढचा दर मंडळात कामगार आणि कंपन्यांनी करार करून ठरवावा. फक्त लेव्ही मजुरीच्या वर असावी, मजुरीतून कापलेली नसावी, आणि ती वसूल करताना फेरीचा मूळ दर खाली आणता येणार नाही हे कायद्यातच लिहिलेले असावे. नाहीतर एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, एवढेच होईल.

तिसऱ्या आक्षेपाला उत्तर देणे सर्वांत अवघड आहे, आणि ते टाळून चालणार नाही. माथाडी कायद्याच्या नावाखाली खंडणी चालते, असे उद्योजक सांगतात. चाकण, रांजणगावसारख्या औद्योगिक पट्ट्यांत कामाला हातही न लावता माल उतरवल्याचे पैसे मागणारे बोगस माथाडी आहेत, टोळ्यांमधल्या जागा आतल्या आत फिरतात, आणि काही ठिकाणी स्थानिक दांडगाईला कायद्याचा आडोसा मिळाला आहे. यात तथ्य आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये या कारणासाठी दुरुस्ती विधेयक आणले आणि खऱ्या कामगारांचे संरक्षण त्यात कमी होईल म्हणून संघटनांनी त्याला विरोध केला. ही विकृती शिरली कुठून? काम झाले की नाही याचा पुरावा नसणे, ठरावीक जागेवर ठरावीक टोळीचा मक्ता असणे आणि नवीन माणसाला नोंदणी अवघड असणे, या तीन फटींतून. अॅपच्या कामात पहिली फट जन्मतःच बंद आहे. प्रत्येक फेरी कुठे सुरू झाली, कुठे संपली, किती वेळ लागला आणि किती पैसे दिले गेले, याची नोंद कंपनीकडे सेकंदागणिक असते. न केलेल्या कामाची लेव्ही कुणी मागूच शकत नाही. मक्ता आणि बंद नोंदणी या फटी कायदा लिहिताना बंद करता येतात: नोंदणी सर्वांना खुली, अॅपवर पहिले काम केले की आपोआप होणारी, आणि कोणत्याही टोळीची किंवा संघटनेची शिफारस न लागणारी. म्हणूनच मी म्हणतो की १९६९ च्या विधिमंडळासमोर जे काम होते, त्यापेक्षा आजचे सोपे आहे. त्या आमदारांना कागदाच्या चिठ्ठ्यांवर चालणाऱ्या बाजाराला शिस्त लावायची होती.

आपण, म्हणजे घरबसल्या ऑर्डर देणारे, या साखळीत कुठे बसतो, हा प्रश्न आता टाळता येत नाही. माथाडी कायद्याने व्यापाऱ्याकडून लेव्ही घेतली, पण गूळ, तेल, तांदूळ यांच्या किमतीतून ती शेवटी मुंबईकरानेच दिली, आणि दिली हे त्याला कळलेही नाही. म्हणजे महाराष्ट्रातला ग्राहक आपल्या ताटातल्या अन्नामागच्या हमालाच्या म्हातारपणाचा वाटा गेली पन्नासहून अधिक वर्षे उचलतो आहे. ही आपली नागरी परंपरा आहे आणि ती अभिमानाची आहे. रायडरला अधूनमधून दिलेली टीप ही चांगुलपणाची गोष्ट खरी, पण टीप देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि हक्क मर्जीवर नसतो. नागरिक म्हणून आपले काम टीपच्या पलीकडचे आहे. दहा मिनिटांऐवजी अर्ध्या तासाने आलेले दूध स्वीकारणे, रागाच्या भरात एक तारा देण्यापूर्वी त्याने कुणाची रोजी जाते याचा विचार करणे, आणि सोसायटीच्या सभेत लिफ्टचा व पाण्याचा ठराव मांडणे हे आजच करता येईल. पण एवढ्याने व्यवस्था बदलत नाही. आपल्या आमदाराला आणि नगरसेवकाला या कायद्याबद्दल विचारणे हेही नागरिकाचेच काम आहे.

बाबा आढाव यांचे डिसेंबर २०२५ मध्ये वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी निधन झाले, तेव्हा सर्व पक्षांच्या नेत्यांनी त्यांना आदरांजली वाहिली. त्या आदराला कृतीचा आधार हवा असेल तर विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात तशी संधी आहे. कामगार, कंपन्या आणि सरकार यांचे त्रिपक्षीय मंडळ, प्रत्येक फेरीच्या मजुरीवर लेव्ही, कामगाराच्या नावावरचे खाते, काम थांबवण्यापूर्वी नोटीस आणि सुनावणी, आणि कामाच्या वेगावर व तासांवर मर्यादा: एवढ्या पाच तरतुदींचे विधेयक सरकारने मांडावे, आणि सरकारने मांडले नाही तर विरोधी पक्षाने अशासकीय विधेयक म्हणून मांडावे. माथाडी कायद्याचा मसुदा, त्याची मंडळे, त्यावरचे न्यायालयांचे निकाल आणि त्यातल्या चुकांचा अनुभव, हे सगळे महाराष्ट्राच्या कामगार विभागाच्या दप्तरात तयार आहे. राजस्थान आणि कर्नाटकला ते आपल्याकडून उसने घ्यावे लागले होते.